बंद बॅटरीची पारख

मोटारीची कळ फिरवावी, आतून दोन-चार वेळा टक्‌टक् असा आवाज यावा आणि पुढे काहीच घडू नये, हा प्रसंग वाहन बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येतोच. अशा वेळी ‘बॅटरी गेली’ हा निकाल सर्वांच्या ओठांवर तयार असतो. निकाल झटपट लागतो, परंतु तो नेहमीच खरा असतो असे नाही. कित्येकदा चांगली बॅटरी भंगारात जाते आणि खरा दोष वाहनात तसाच राहून नव्या बॅटरीचाही बळी घेतो. उलट, खरोखरीच क्षीण झालेली बॅटरी रात्रभर चार्जरला लावून ‘भरली’ असे समजले जाते, आणि रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन निघण्याची वेळ आली की ती दगा देते. बॅटरीची परीक्षा नीट करता येणे ही म्हणूनच केवळ कारागिराची विद्या नव्हे. वाहनावर ज्याचे काम अवलंबून आहे त्या प्रत्येकाला ती थोडीफार अवगत असावयास हवी.

पूर्वीच्या बॅटरीची परीक्षा सोपी होती. तिच्या माथ्यावर सहा बुचे असत. बूच काढावे, हायड्रोमीटरने आतील आम्ल ओढून त्याची घनता पाहावी, पाणी कमी दिसल्यास डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि बूच लावून टाकावे. आज अनेक मोटारसायकली, विजेवर चालणारी लहान वाहने आणि काही मोटारी यांत जी बंद जेल बॅटरी आढळते, तिला असे बूच नाही. आत पाहता येत नाही आणि आत काही घालताही येत नाही. त्यामुळे ‘हिची काही निगा राखावी लागत नाही’ असा समज पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. या बॅटरीसाठी करावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. परंतु त्यांपैकी एखादी चुकली, तर ती चूक दुरुस्त करण्याचे साधन मात्र शिल्लक राहत नाही.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी बॅटरीच्या अंतरंगात थोडे डोकावले पाहिजे. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शिशाची पहिली संचायक बॅटरी तयार केली. आजची बॅटरी तिचीच वंशज होय. बारा व्होल्टांच्या बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घट सुमारे दोन व्होल्टांचा असतो. घटातील एका पट्टीवर शिशाचे ऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंच्या मध्ये पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल अशी ही रचना आहे. वीज खर्च होऊ लागली की आम्लातील गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटच्या रूपाने बसतो व द्रव पाणचट होत जातो. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलट फिरविणे: सल्फेट विरघळून पुन्हा आम्ल तयार होते आणि पट्ट्या पूर्वपदावर येतात. मात्र हे सल्फेट आठवडेच्या आठवडे तसेच राहू दिले, तर त्याचे मऊ कण मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत.

जेल बॅटरीत याच आम्लामध्ये सिलिकेची अतिसूक्ष्म भुकटी मिसळून त्याला थिजविलेले असते. नीट थिजलेल्या दह्यासारखे ते पट्ट्यांना चिकटून राहते. बॅटरी कलंडली तरी सांडत नाही. या बॅटरीचे आधुनिक रूप जर्मनीतील झोनेनशाइन या कारखान्याच्या ओटो याखे यांनी १९५७ मध्ये सिद्ध केले. तिची खरी करामत मात्र न सांडण्यात नाही. चार्जिंग पुरे होत आले की कोणत्याही शिशाच्या बॅटरीत पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू सुटू लागतो. जेलमध्ये केसासारख्या बारीक भेगा असतात. त्यांतून हा प्राणवायू समोरच्या ऋण पट्टीपर्यंत पोहोचतो आणि तेथे त्याचे पुन्हा पाणी होते. घरातले पाणी घरातच राहते. माथ्यावरच्या आवरणाखाली लहान झडपा असतात. त्या आतील दाब फारच वाढला तरच क्षणभर उघडतात आणि पुन्हा मिटतात.

ही व्यवस्था सावकाश चालते, आणि सारा प्रश्न येथेच आहे. चार्जरने घाई केली, म्हणजे गरजेपेक्षा अधिक दाबाने वीज आत ढकलली, तर वायू इतक्या वेगाने निर्माण होतात की त्यांना परत फिरण्यास अवधी मिळत नाही. झडप उघडते व ते बाहेर पडतात. भरलेल्या बॅटरीत जास्तीची ढकललेली वीज अशी वायुरूपाने वाया गेली, तर दर अँपिअर-तासामागे प्रत्येक घटातील सुमारे एक-तृतीयांश ग्रॅम पाणी नष्ट होते. सहा घटांचे मिळून दोन ग्रॅम. जुन्या बॅटरीत हे पाणी वरून घालून भरून काढता येई. बंद बॅटरीत ते कायमचे गेले. शिवाय वायूचे बुडबुडे जेल व पट्टी यांच्यामध्ये साचून पोकळ्या पाडतात. जेल द्रवासारखे वाहत नसल्याने त्या पोकळ्या बुजत नाहीत, आणि पट्टीचा तेवढा भाग निरुपयोगी होतो. अपुऱ्या चार्जिंगने बॅटरी सल्फेटने मरते आणि अतिचार्जिंगने ती सुकून मरते. या दोन टोकांमधली वाट जेल बॅटरीच्या बाबतीत अरुंद आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढील सर्व नियमांचे मर्म सापडते.

परीक्षेची पहिली पायरी म्हणजे बॅटरीवरील चिठ्ठी वाचणे. बंद बॅटरी म्हणजे जेल बॅटरीच, असे नव्हे. काचतंतूंच्या गादीत आम्ल शोषून घेतलेली दुसऱ्या जातीची बंद बॅटरीही बाजारात आहे, आणि बोलण्याच्या ओघात दोघींनाही सरसकट ‘जेल’ म्हटले जाते. त्या दुसऱ्या जातीस थोडा अधिक दाब चालतो, जेलला तो सोसत नाही. चार्जिंगचा कमाल दाब व कमाल प्रवाह हे आकडे बहुधा आवरणावर छापलेले असतात. त्यांना प्रमाण मानावे.

दुसरी पायरी डोळ्यांची व हाताची. आवरण फुगले आहे काय, कोठे चीर गेली आहे काय, तारांच्या पकडी सैल आहेत काय, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे काय, हे पाहावे. या बुरशीने कित्येक निर्दोष बॅटऱ्यांना दोषी ठरविले आहे. व्होल्टमीटरची एक सुई शिशाच्या खुंटीवर व दुसरी त्याच खुंटीवरील पकडीवर टेकवून दुसऱ्याकरवी सेल्फ मारावा. दोहोंतील फरक व्होल्टाच्या एक-दोन दशांशांहून अधिक दिसला, तर वीज त्या सांध्यातच अडते आहे. अशा वेळी नवी बॅटरी नको; खरखरीत कागदाने घासून पकड घट्ट आवळणे पुरे.

तिसरी पायरी व्होल्टमीटरची, आणि येथे त्याच्या जोडीला घड्याळ लागते. चार्जर नुकताच काढलेल्या किंवा नुकत्याच धावून आलेल्या वाहनाच्या बॅटरीचा दाब मोजला, तर तो तेरा व्होल्टांच्या वर दिसून मनुष्य समाधान पावतो. हा दाब वरवरचा असतो. पट्ट्यांच्या छिद्रांतील आम्ल व सभोवतालचे जेल यांची तीव्रता सारखी व्हावयास वेळ लागतो, आणि जेलमध्ये ती द्रवापेक्षाही सावकाश सारखी होते. यासाठी बॅटरी वाहनापासून अलग करून निदान चार-सहा तास, शक्य तर रात्रभर, स्वस्थ ठेवावी व मगच मोजमाप करावे. अशा विश्रांतीनंतर पूर्ण भरलेली जेल बॅटरी साधारणपणे १२.८ ते १२.९ व्होल्ट दाखविते. सुमारे १२.६ म्हणजे पाऊण, १२.३ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव भरलेली, असे समजण्यास हरकत नाही, ११.८ म्हणजे ती रितीच. चांगली चार्ज करूनही दाब १०.५ च्या आसपासच थबकत असेल, तर सहांपैकी एक घट बाद झाला हे जवळजवळ निश्चित. तिच्यावर अधिक वेळ व वीज खर्च करण्यात अर्थ नाही.

तथापि, दाब चांगला दिसतो म्हणून बॅटरी सशक्त आहे, असेही ठरत नाही. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली असली तरी नळ गंजून बुजला असेल, तर धार बारीकच येणार. बॅटरीची धार पाहण्यासाठी तिच्यावर भार टाकावा लागतो. आवरणावर थंड हवेतील सुरुवातीच्या प्रवाहाचा एक आकडा छापलेला असतो. अमेरिकी मापनपद्धतीत तो उणे १८ अंश सेल्सिअसला तीस सेकंद देता येणारा प्रवाह असतो. बॅटरी निदान तीन-चतुर्थांश भरलेली असताना या आकड्याच्या निम्म्या प्रवाहाचा भार पंधरा सेकंद द्यावा. सुमारे २१ अंश तपमानाला त्या अवधीत दाब ९.६ व्होल्टांच्या खाली न उतरला, तर बॅटरी उत्तीर्ण. हे उपकरण गॅरेजमध्ये मिळते. घरच्या घरी ढोबळ अंदाज घ्यावयाचा असल्यास सेल्फ मारतेवेळी बॅटरीच्या खुंट्यांवर व्होल्टमीटर धरावा. दाब दहाच्या आसपास टिकला तर उत्तम. आठ-नऊपर्यंत कोसळला आणि बॅटरी पूर्ण भरलेली होती याची खात्री असेल, तर तिचा अंतकाळ जवळ आला असे समजावे.

जी बॅटरी क्षणभर जोर लावण्यासाठी नसून तासन्‌तास वाहन चालविण्यासाठी आहे, तिची कसोटी निराळी. तेथे धारेपेक्षा टाकीचे मान महत्त्वाचे. २० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सामान्यतः एक अँपिअर प्रवाह वीस तास देणारी. वाहनाच्या दिशादर्शक दिव्यातील २१ वॉटचा बल्ब बारा व्होल्टांवर पावणेदोन अँपिअर घेतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीला तो जोडून किती वेळाने दाब १०.५ व्होल्टांवर येतो, हे घड्याळ लावून पाहावे. दहा तासांच्या आसपास वेळ लागला, तर बॅटरी निरोगी; पाचच तासांत दाब उतरला, तर निम्मी टाकी गाळाने भरली. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली घसरलेली बॅटरी निवृत्तीस आली, असे मानण्याचा प्रघात आहे. १०.५ व्होल्ट होताच बल्ब काढावा, बॅटरी त्याच दिवशी भरून ठेवावी आणि हा प्रयोग वरचेवर करू नये.

आता चार्जिंग. बारा व्होल्टांच्या जेल बॅटरीसाठी, २५ अंशांच्या आसपास, बहुतेक कारखानदार १४.१ ते १४.४ व्होल्टांची मर्यादा घालतात. आणि बॅटरी दीर्घकाळ चार्जरला जोडून ठेवावयाची असेल तर १३.५ ते १३.८ ची. प्रवाह क्षमतेच्या एक-दशांश असावा, म्हणजे २० अँपिअर-तासांच्या बॅटरीस दोन अँपिअर. याच्या दुपटीपर्यंत काही बॅटऱ्यांना चालते, परंतु घाईची गरज नसेल तर एक-दशांशच बरा. प्रारंभी प्रवाह स्थिर राहून दाब चढत जातो. दाब मर्यादेला पोहोचला की तो तेथेच रोखला जातो आणि प्रवाह हळूहळू आटतो. तो क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर, म्हणजे आपल्या उदाहरणात ०.२ ते ०.४ अँपिअरवर आला, की बॅटरी भरली. रिकाम्या बॅटरीस यासाठी दहा-बारा तास सहज लागतात. शेवटचा भाग रेंगाळतो म्हणून कंटाळून चार्जर काढू नये. ते शेवटचे सल्फेटच सर्वांत हट्टी असते.

यासाठी चार्जर असा हवा की जो दाबावर स्वतः लगाम ठेवील. ट्रान्सफॉर्मरचा जुना साधा चार्जर पाण्याच्या बॅटरीला चालून जाई. जेल बॅटरीवर तो विसरून रात्रभर राहिला तर दाब पंधरा-सोळा व्होल्टांवर जाऊन एका रात्रीत बॅटरीचे बरेच आयुष्य आटू शकते. नव्या चार्जरांवर जेलसाठी वेगळे बटण असते, तेच दाबावे. काहींवर ‘पुनरुज्जीवन’ करणारी, पंधरा व्होल्टांहून अधिक दाब देणारी एक पायरी असते. ती पाण्याच्या बॅटरीसाठी आहे, जेलसाठी नव्हे. पार उतरलेली बॅटरी स्वयंचलित चार्जर कित्येकदा ओळखतच नाही व दिवा लावून नकार दर्शवितो. त्या नकारावरून बॅटरी मेली असे ठरवू नये. दाबाची मर्यादा बांधता येणारा चार्जर असलेल्या जाणत्या कारागिराकडे ती न्यावी. आरंभीचे काही तास ती जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, मग हळूहळू घेऊ लागते. मात्र एक दिवस उलटूनही ती प्रवाह घेत नसेल, किंवा चार्जिंग चालू असता हाताला चटका बसण्याइतकी तापत असेल, तर प्रयत्न तेथेच थांबवावा.

हवामानाचा विचार या बाबतीत विसरून चालत नाही. बॅटरी तापलेली असता तिच्यातील रासायनिक क्रिया जलद होतात व तोच दाब तिला अधिक होतो. थंडीत तो अपुरा पडतो. दर अंशामागे बारा व्होल्टांच्या बॅटरीसाठी सुमारे ०.०२ ते ०.०३ व्होल्टांचा फरक धरतात. ग्वाल्हेरीस मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. म्हणजे २५ अंशांसाठी लावलेल्या १४.२ व्होल्टांतून त्या दुपारी अर्धा व्होल्ट वजा करावयास हवा. तोच चार्जर, तीच बॅटरी. परंतु जे जानेवारीत योग्य, ते मेमध्ये अतिरिक्त. तपमान पाहून दाब बदलणारा चार्जर असल्यास प्रश्नच नाही. नसल्यास ग्वाल्हेर-हैदराबादकडील उन्हाळ्यात चार्जिंग रात्री वा पहाटे, हवेशीर जागी करावे. पत्र्याच्या शेडखाली भर दुपारी करू नये. बॅटरीचे तपमान कायम दहा अंशांनी अधिक राहिले, तर तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, हेही ध्यानात असावे.

गोव्यात किंवा बेळगावच्या घाटमाथ्यावर प्रश्न उन्हाचा नसून पावसाळ्याचा असतो. चार महिने उभी राहिलेली मोटारसायकल बंद दिसली, तरी तिच्यातील घड्याळ किंवा चोरी-सूचक यंत्र वीज पीतच असते. ही गळती केवळ २० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला अर्धा अँपिअर-तास व महिन्याला १४.४ अँपिअर-तास होतात. २० अँपिअर-तासांची बॅटरी पहिल्याच महिन्यात तीन-चतुर्थांश रिती. मग उरलेले तीन महिने सल्फेट कठीण होण्यास मोकळे. तोच तिची ऋण बाजूची तार काढून ठेवली, तर तिची आपोआप होणारी झीज महिन्याला दोन-चार टक्के इतकीच असते. बॅटरी भरून, तार सोडवून ठेवणे आणि दोन महिन्यांनी दाब पाहून पुन्हा भरणे, एवढ्याने काम भागते. वाहन चालू असतानाही एकदा मोजमाप घ्यावे. यंत्र थोड्या वेगाने फिरत असता खुंट्यांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. त्याहून अधिक दिसत असतील, तर दाब आवरणारा भाग तपासून घ्यावा, अन्यथा प्रत्येक नवी जेल बॅटरी त्याच वाटेने जाईल.

या साऱ्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते ते विजेवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीत. अपंग किंवा वृद्ध मनुष्याचे हिंडणे-फिरणे तिच्यातील बॅटऱ्यांवर अवलंबून असते, आणि पुष्कळ खुर्च्यांत बारा व्होल्टांच्या दोन बंद बॅटऱ्या एकीमागे एक जोडून चोवीस व्होल्ट घेतलेले असतात. दोहोंचा मिळून दाब मोजला तर सशक्त बॅटरी दुबळीचे वैगुण्य झाकते. आणि एके दिवशी रस्ता ओलांडताना खुर्ची मध्येच थांबते. म्हणून प्रत्येकीची परीक्षा वेगवेगळी करावी, आणि एक बाद झाल्यास जोडीच बदलावी. नवी व जुनी यांचा संसार फार काळ चालत नाही. चार्जर एकीला उपाशी ठेवतो तर दुसरीला अजीर्ण करतो.

सुरक्षिततेचे नियम थोडे पण कडक आहेत. झडप उघडली तर हायड्रोजन बाहेर येतो, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. म्हणून बंद कोठडीत चार्जिंग करू नये व जवळ विडी-काडी नको. हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. तारा सोडविताना ऋण बाजूची आधी व जोडताना शेवटी. माथ्यावरचे आवरण उचकटून पाणी घालण्याचा मोह टाळावा; त्याने बॅटरी सुधारत नाही, झडपा मात्र बिघडतात. शिसे हे विष आहे. निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा रस्त्यावरच्या भट्टीवाल्याकडे न देता विक्रेत्याकडे परत द्यावी. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था भारतात २००१ च्या नियमांनी घालून दिली, आणि २०२२ च्या नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर अधिक स्पष्टपणे टाकली.

बंद बॅटरीने मालकाच्या हातून हायड्रोमीटर व पाण्याची बाटली काढून घेतली आहे. त्यांच्या जागी एक स्वस्त व्होल्टमीटर, लगाम असलेला चार्जर आणि घड्याळ एवढे पुरते. त्यांतही घड्याळाचा उपयोग सर्वांत कमी केला जातो. मोजण्याआधी रात्रभर थांबणे, भरताना शेवटचे दोन तास थांबणे आणि उतरलेली बॅटरी भरण्यास मात्र एक दिवसही न थांबणे, ही तीन पथ्ये पाळणाऱ्याची बॅटरी अकाली जात नाही. आणि काळ भरून ती गेलीच, तर आगाऊ सूचना देऊन जाते.